मैत्री क्लिनिक कुठंय, हे पोरांना माहीत का नाही?

गोदाकाठची

नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रश्न साधा आहे, पण उत्तर सापडेना म्हणून इथं टाकतेय.

बारावीच्या पुस्तकात गर्भनिरोधनाची साधनं आहेत, सिफिलिस-गनोरिया आहे. मी शिकवते, पोरं तक्ता पाठ करतात, मार्क घेतात. पण आमच्याच ग्रामीण रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक आहे, समुपदेशक बसतात, सल्ला फुकट आणि निरोधही फुकट, हे वर्गात कुणाच्या गावीही नाही. विचारलं तर एक जण म्हणाला, "ते पिंपल्सचं का मॅडम?" रुग्णालय कॉलेजपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे.

एवढ्या वयात कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. माझ्या वर्गात लग्न झालेल्या मुली आहेत. मंगळसूत्र ड्रेसच्या आत, वरून ओढणी पिनअप केलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एखादी येत नाही, मग मैत्रिणींकडून कळतं की तिला दिवस गेलेत. तिच्याशी आई बोललेली नसते, सासू तर नाहीच. आणि ज्यांची लग्नं झालेली नाहीत, त्यांच्याकडं आपण डोळे मिटून बसलो म्हणून काही थांबत नाही.

तर आहे ती सोय पोरांना कळावी कशी, आणि कळल्यावर त्यांनी त्या दारात पाय ठेवावा कसा? वर्गात पाकिटं वाटायचा विचार नाही, आधीच सांगते. अनुभव असतील तर लिहा.

खारी_बिस्किट

पहिला! चहा टाकलाय, धागा शंभरी गाठणार. र. धों. कर्व्यांना कोण घेऊन येतंय यावर पैज लावतो.

तूर_भाव_काय

मॅडम, हेतू चांगला असंल तुमचा. पण गावाकडचं सांगतो. एसटी स्टँडवर पोरगी एखाद्या पोरासोबत बोलताना दिसली तरी तिचं कॉलेज बंद करतेत लोक. त्यात कॉलेजातून असलं काही निघालं अशी बातमी फुटली की पुढच्या जूनला निम्म्या मुलींचे दाखले काढून नेतील. मग जीवशास्त्र कुणाला शिकवणार? ही अमेरिकेतली थेरं इकडं नकोत.

क्वीन्सचा_काका

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी मूळचा अंबाजोगाईचा, आता न्यूयॉर्कला.

इथल्या शहर प्रशासनानं सरकारी हायस्कुलांत निरोध ठेवायला १९९१ साली सुरुवात केली. एड्सची धास्ती तेव्हा ऐन भरात होती. आईबाप कोर्टात गेले आणि १९९३ मध्ये अपिलात ठरलं की ज्या पालकांना नको असेल त्यांना आपल्या पाल्याचं नाव वगळायची मुभा हवी. म्हणजे तूरभाऊंचा मुद्दा इथंही आला होता आणि कोर्टानं तो ऐकलाही. 'ठेवले तर पोरं बिघडतील' याचीही तपासणी झाली. न्यूयॉर्कच्या शाळा आणि असा कार्यक्रम नसलेल्या शिकागोच्या शाळा यांची तुलना १९९७ साली प्रसिद्ध झाली. संबंध ठेवणाऱ्या मुलांचं प्रमाण न्यूयॉर्कात जास्त निघालं नाही. जे ठेवत होते, त्यांच्यात निरोध वापरणारे मात्र जास्त होते.

आता दुसरी बाजू. ठेवलं म्हणजे पोरं नेतात असं अजिबात नाही. माझी लेक अकरावीत आहे, तिला विचारलं. शाळेत तशी खोली आहे एवढं तिला ठाऊक. कुठल्या मजल्यावर, कधी उघडी असते, माहीत नाही. "बहुतेक जिमच्या सरांकडं असतं. त्यांच्याकडं कोण मागणार, बाबा?" संपली गोष्ट. देशभरातल्या हायस्कुलांच्या सर्व्हेत, संबंध ठेवणाऱ्या मुलांपैकी शेवटच्या वेळी निरोध वापरला म्हणणारी २०१३ मध्ये शेकडा ५९ होती, २०२१ मध्ये ५२ वर आली. कॅलिफोर्नियात हायस्कुलांत मोफत निरोध ठेवायचा कायदा विधिमंडळानं केला, तर २०२३ मध्ये गव्हर्नरनं खर्चाचं कारण सांगून परत पाठवला. त्यामुळं अमेरिकेनं हे सोडवलंय असं समजू नका.

तूर_भाव_काय

@काका, लेकीला हे डायरेक्ट विचारलं तुम्ही? धन्य आहे.

क्वीन्सचा_काका

गाडी चालवताना विचारलं. दोघांनाही समोर बघावं लागतं, ते बरं पडतं.

डॉ_बाभूळ

मी मराठवाड्यातल्याच एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो, आता बदली झालीय. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, मैत्री क्लिनिकं त्यातलीच. कागदावर योजना खरंच चांगली आहे. आता खोली कुठं होती ते बघा.

जुन्या इमारतीच्या टोकाला, एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसीला खेटून. त्या बोळात कुणी वळला की तो कशाला वळला हे बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळतं, निदान त्यांना तसं वाटतं. त्याआधी केसपेपरची खिडकी. नाव, वय, गाव आणि मग खणखणीत आवाजात "काय होतंय?" मागं रांगेत आत्या नाहीतर भावकीतलं कुणीतरी. पोरगं म्हणतं डोकं दुखतंय. पॅरासिटामॉल घेऊन घरी जातं.

निरोधची पेटी आमच्याकडं शौचालयाच्या वाटेवर भिंतीला लावलेली होती, झाकणाचं एक बिजागर तुटलेलं. भरली की हप्त्याभरात रिकामी. कोण नेतं, कुणी विचारत नव्हतं. मग तपासणीला कुणी साहेब आले, म्हणाले वाटपाचा हिशेब पाहिजे. पेटी आत आली, शेजारी टेबल, टेबलावर रजिस्टर, रजिस्टरमागं सिस्टर. तेव्हापासून पेटी भरलेलीच. माल तिथंच मुदतबाह्य झाला. सिस्टर बिचारी स्वभावानं गरीब होती, तिचा काही दोष नाही.

बाकी पोरं येतच नाहीत असंही नाही. मुलगे येतात ते मुरुमं, उंची, केसगळती यासाठी. बोलून होतं, उठतात, दारापर्यंत जातात आणि मग वळून म्हणतात, "सर, आणखी एक विचारायचं होतं." ते आणखी एक म्हणजे स्वप्नदोष, हस्तमैथुन, 'धातू जातो'. रस्त्याच्या कडेचे तंबूवाले आणि भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती यांनी त्या पोरांना आधीच अर्धमेलं केलेलं असतं, काहींनी घरात न सांगता हजारो रुपये घालवलेले असतात. त्यात रोग काही नसतो. हे पहिल्या पाच मिनिटांत कुणी विचारत नाही. समुपदेशकाला घाई असेल तर ते 'आणखी एक' कधी बाहेरच येत नाही.

हुरडा_पार्टी

डॉक्टर, पेटीचं वाचून शाळेतलं पॅडचं मशीन आठवलं. भाचीच्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये बसवलंय, बाहेर ठेवलं तर मोडतोड होईल म्हणून. मुलीनं आधी "मे आय कम इन" म्हणायचं, आत दोन-तीन सर बसलेले, मग नाणं टाकायचं. अस्मिता योजनेत २०१८ ला ५ रुपयांत आठ पॅड मिळायला लागले तेव्हा किती कौतुक झालं होतं.

आणि दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मानवी प्रजननाचा धडा आहे ना? आमच्या सरांनी "हा घरी वाचून या" म्हणून पान उलटलं होतं. आम्ही तो एकच धडा मनापासून घरी वाचला. :D

गोळी_औषध

मी मेडिकल चालवतो, जिल्हा धाराशिव. कायद्यानं निरोध विकायला वयाची अट नाही. पण आम्हीही गावातलीच माणसं. समोर उभ्या पोराचा बाप संध्याकाळी माझ्या ओट्यावर चहाला असतो. मी सांगत नाही कुणाला, पण पोराला ते कसं कळणार?

जे घेऊन जातात त्यांना निदान एवढं सांगा. पाकिटावरची तारीख बघायची. पैशाच्या पाकिटात महिनोन् महिने ठेवलेला, गाडीच्या डिकीत एप्रिल-मेच्या ऊन्हात शिजलेला वापरायचा नाही, रबर कमजोर होतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावायचं नाही, त्यानं लॅटेक्स फाटतं. एकावर एक दोन घातले की डबल सेफ हा शुद्ध गैरसमज आहे, घासून दोन्ही फाटायची शक्यता वाढते. आणि एकदाच वापरायचा, हेही सांगावं लागतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. निरोध मागायला लाजतात आणि संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी बिनधास्त मागतात. तीही दर पंधरा दिवसांनी तोच पोरगा, दर वेळी 'ताईसाठी'. ती अडचणीपुरती आहे, नेहमीची नाही, आणि आजारांपासून तर काहीच बचाव करत नाही. त्याच्या पुढं गेलं की गर्भपाताच्या किटची चौकशी. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, मी देत नाही. कुठून तरी मिळवतात आणि मग रक्तस्राव होऊन मुलगी रात्री सिव्हिलला.

पीजी_रूम_नं_७

मी लातूरला मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करतोय, वय १९. इथं सगळे काका-मामा बोलायलेत म्हणून म्हणलं आपण पण लिहावं.

आमच्यासारखी हजारो पोरं-पोरी लातूर पॅटर्नसाठी घर सोडून राहायलेत. क्लास, मेस, लायब्ररी, झोप. मैत्री क्लिनिक हे नाव आज पहिल्यांदा वाचलं, आईशप्पथ. माहिती सगळी रील्सवरून, नाहीतर रूमवरच्या सीनियरकडून, आणि सीनियरला माहिती आमच्याएवढीच. वरचं 'डबल सेफ' मी स्वतः आत्मविश्वासानं सांगताना ऐकलंय. पाकिटात एक ठेवून फिरणारा पण आहे रूमवर. वापरायचा चान्स शून्य, नुसती शान. त्याला हे वाचून दाखवतो.

मेडिकलला जाताना कोरोनातला मास्क अजून कामाला येतो. दुकानात बाई गिऱ्हाईक असली की पोरगं व्हिक्सची गोळी घेऊन परत येतं.

मॅडम, पोस्टर लावणार असाल तर 'किशोरवयीन प्रजनन आरोग्य' असलं लिहू नका, कुणी थांबून वाचणार नाही. आम्हाला एवढंच सांगा: आत कोण बसतं, बाई का माणूस. किती वाजता. आधार कार्ड मागतेत का. नाव लिहितेत का. घरी फोन जातो का. पैसे किती. बास. घरी फोन जात नाही हे मोठ्या अक्षरात लिहा.

डॉ_बाभूळ

रूम नं. ७ ला सलाम. हे कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

काळा_कोट

मोठ्या अक्षरात लिहायच्या आधी जरा थांबा. वकिली नाही, फक्त माहिती.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती कायदा मानत नाही. दोघं १७ चे, दोघांची मर्जी, तरी गुन्हा. लग्न झालंय म्हणून सुटका नाही, १८ खालच्या पत्नीबाबतही संबंध बलात्कारच, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ ला स्पष्ट केलं. कलम १९ प्रमाणं असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. हे शिक्षकाला लागू आहे, समुपदेशकालाही.

त्यामुळं 'काहीही सांगा, कुणालाच कळणार नाही' असं वचन कुणी देऊ नये. मात्र माहिती देणं, साधन कसं वापरायचं ते सांगणं, क्लिनिकचा पत्ता देणं हा गुन्हा नाही. वर्गात 'तुमच्यापैकी कुणी...' असा प्रश्न विचारूच नका. चिठ्ठीवर निनावी प्रश्न घ्या. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी वाट दिलीय. मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. तेवढ्या भीतीनं मुली भोंदूंकडं जात होत्या.

गोदाकाठची

वकीलसाहेब, हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या वर्गातल्या मंगळसूत्रवाल्या मुलीला तुम्ही म्हणता तसं बघितलं तर मी रोज हजेरीत गुन्हा नोंदवतेय.

काळा_कोट

बालविवाह म्हणूनही तो विषय वेगळा आहेच, आणि त्याची माहिती चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरला देता येते. पण लग्न होऊन गेलेल्या मुलीला दवाखान्याची वाट दाखवायला कायदा आडवा येत नाही.

आशा_परभणी

नमस्कार सगळ्यांना. मी आशा आहे, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती. टायपिंग मुलगा करून देतोय, त्याला सांगितलं तू फक्त टाइप कर, इचारू नको.

आमच्या परभणीचं सांगते. सरकारच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या बायांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्या शंभरात ४८ निघाल्या. सगळ्या राज्याचा आकडा २२ च्या आसपास. बीडचं पण आमच्यासारखंच. कामून, तर कारखान्याला ऊस तोडायला जोडीनं जावं लागतं, नवराबायको मिळून एक कोयता. लेक तरणी झाली की तिला घरी कुणापाशी ठेवायचं? मग लग्न लावून देतेत, म्हणजे तिचा पण कोयता सुरू.

आम्ही निरोध घरपोच देतो, तीनच्या पाकिटाला १ रुपया. माला-एन, छाया या पाळणा लांबवायच्या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, सगळं आहे. पण आमचं रजिस्टर जननक्षम जोडप्यांचं. नाव त्यात असलं तर मी घरात जाणार. नव्या नवरीच्या घरी गेले की सासू दारातच म्हणते, आधी एक लेकरू होऊ द्या, मग या. पोरीला माझ्याशी एकटीला बोलूच देत नाहीत. मी मग लोहाच्या गोळ्या द्यायच्या निमित्तानं जाते. सासू म्हणती दे बाई, रक्त कमी हाय तिला. गोळ्या देता देता बोलून घेते, तोवर सासूबाई चहा ठेवायला गेलेली असती. लगीन न झालेल्या पोरी माझ्या रजिस्टरात बसतच नाहीत.

मॅडम, तुमच्या वर्गातल्या त्या पोरी तुमच्यापाशी आठ तास असतेत सासूशिवाय. आमच्यापाशी पाच मिनिटं नसतेत.

हुरडा_पार्टी

ताई, शेवटच्या दोन ओळींसाठी दंडवत.

औंढ्याचे_अण्णा

थोडं विषयांतर. निरोध १९६८ ला आला. तेव्हा तीन नगाला १५ पैसे. सरकारनं वाटपाला चहा, साबण, सिगारेट, बॅटरीच्या कंपन्यांचं जाळं वापरलं, त्यामुळं किराणा दुकानात चहापत्तीच्या पुड्याशेजारी निरोधचं पाकीट असायचं. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण प्रत्येक भिंतीवर. आम्ही पोरं त्याचे फुगे करून उरुसात विकायचो, मोठी माणसं हसायची पण कशाला हसतात ते कुणी सांगायचं नाही. मास्तरांनी एकदा तो फुगा हातात बघून मला छडीनं फोडून काढलं आणि कारण सांगितलं नाही. कारण मला पुढं बरंच उशिरा कळलं.

पन्नास वर्षांपूर्वी जे किराण्यात मिळत होतं, त्यासाठी आता मास्क लावून जावं लागतं हे बघून गंमत वाटते. आणि त्याच्याही आधी, १९२१ ला, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, त्यापायी प्राध्यापकी गेली. खटले झाले तेव्हा एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले...

खारी_बिस्किट

आले! कर्वे आले! पैज जिंकली, सगळ्यांनी चहा पाजा.

औंढ्याचे_अण्णा

पाजतो, औंढ्याला या. दर्शन पण होईल.

डस्टर_आणि_खडू

मीही शिक्षक आहे, म्हणून एक भर. २०२० पासून आयुष्मान भारतमधून शाळांत दोन शिक्षक आरोग्यदूत नेमायचे आहेत, शक्यतो एक पुरुष एक बाई. ११ विषय आहेत, त्यात प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंधही आहे. आम्ही प्रशिक्षणाला गेलो. पोषण, व्यसन, इंटरनेट, सगळं तब्येतीत झालं. ती स्लाइड आली आणि प्रशिक्षक म्हणाले, "हे तुम्हाला माहीतच आहे, चहा घेऊ." परत आल्यावर पुढची स्लाइड.

२००७ ला राज्यात लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि ते बंदच केलं होतं, ते अजून जुन्या शिक्षकांच्या डोक्यात आहे. कुणी हात पोळून घ्यायचे? एका पालकाचा फोन संस्थाचालकाला गेला की शिक्षकाचं झालं.

तूर_भाव_काय

मी सगळं वाचलं. आशाताईचं वाचून गप्प बसलो होतो, कारण आमच्या भावकीत असं एक लगीन झालंय आणि जेवायला मी पण गेलो होतो.

पण माझं म्हणणं सोडत नाही. पाकीट शाळेत नको. दवाखान्यात ठेवा, तिथं ठीकय. माहिती द्यायला पण हरकत नाही, मात्र पोरापोरींना एकत्र बसवून नको. आणि आईबापाला आधी सांगा. परस्पर कळलं तर भडका उडतो. सांगितलं की निम्मे म्हणतेत, बरं झालं मॅडम तुम्हीच सांगा, आमच्यानं होत नाही.

हुरडा_पार्टी

वेगवेगळं बसवायला माझाही विरोध नाही, पण मुलांना फक्त मुलांचं आणि मुलींना फक्त मुलींचं सांगू नका. आमच्या वेळी मुलींना पॅडची फिल्म, तोवर मुलं ग्राउंडवर क्रिकेट. त्या क्रिकेटवाल्यांपैकीच एक आता माझा नवरा आहे, पाळी चार दिवसांची का महिन्याची हे लग्नानंतर विचारत होता.

पीजी_रूम_नं_७

आईबापाला आधी सांगा म्हणजे? मग तर घरचे विचारणार, तू गेलतास का तिथं? कोण जाईल मग.

तूर_भाव_काय

अरे बाळा, कोण गेलं ते नको सांगायला. वर्गात काय शिकवणार ते सांगा म्हणलं.

पीजी_रूम_नं_७

हा, मग चालतंय.

डॉ_बाभूळ

मॅडम, मला एक जमेल असं वाटतं. त्या बोळात एकटं वळायला पोरगं घाबरतं. अख्खा वर्गच वळवा. मैत्री क्लिनिकमध्ये हिमोग्लोबिन, वजन-उंची, डोळे असं सगळं बघायचं असतं, पत्र दिलं तर वैद्यकीय अधीक्षक नाही म्हणत नाहीत. क्षेत्रभेट म्हणून आणा. प्रत्येकाची आत एकट्यानं दोन मिनिटं समुपदेशकाशी भेट. कुणी काय विचारलं ते कुणाला कळत नाही, कारण आत सगळेच गेलेत. रूम नं. ७ नं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं समुपदेशकानं स्वतः तिथंच द्यावीत, वकीलसाहेबांनी सांगितलेल्या मर्यादेसकट. पुढच्या वेळी ते पोर एकटं आलं तर निदान खोली आणि चेहरा ओळखीचा असेल.

केसपेपरच्या खिडकीला 'मैत्री' एवढं म्हटलं की पुढचं विचारायचं नाही, असं आमच्या शेवटच्या वर्षी करून घेतलं होतं. त्यासाठी खर्च शून्य. क्लार्कला दोनदा चहा पाजला, बस. आणि पेटी परत शौचालयाच्या वाटेवर लावायला सांगा, रजिस्टरात रोज उरलेले मोजले तरी वाटपाचा हिशेब लागतो.

गोळी_औषध

समुपदेशक जागेवर आहे का ते आधी फोन करून बघा. पद भरलेलं आणि खुर्ची भरलेली यात फरक असतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला.

रुग्णालयात जाऊन आले. खुर्ची भरलेली आहे. समुपदेशक बाई आहेत, बोलक्या आहेत. म्हणाल्या, "कॉलेजातून कुणी मॅडम येईल म्हणून मी वाटच बघत होते, प्राचार्यांना दोन पत्रं दिली होती." पत्रं आमच्या ऑफिसात कुठल्या फाइलला लागली देव जाणे. खोली खरोखर आयसीटीसीला लागूनच आहे, डॉक्टरांनी न बघता सांगितलं. ती बदलणं माझ्या हातात नाही. पेटीचं बोलले, अधीक्षक "बघतो" म्हणाले.

संस्थेकडून हिमोग्लोबिन तपासणी आणि किशोर आरोग्य मार्गदर्शन अशा नावानं परवानगी मिळाली. पालकांना पत्र जाईल, त्यात विषय स्पष्ट लिहिलाय, तूरभाऊ. प्रश्नपेटी प्रयोगशाळेत ठेवणार, कारण तिथं सगळेच जर्नल द्यायला येतात, पेटीजवळ कोण उभं राहिलं ते लक्षात येत नाही. रूम नं. ७ चे प्रश्न जसेच्या तसे पोस्टरवर घेतलेत, फक्त घरी फोन जातो का याचं उत्तर काळा कोट यांच्याकडून तपासून घेणार. एका ओळीत बसत नाहीये ते. लग्न झालेल्या मुलींना समुपदेशक बाई वेगळा वेळ देणार आहेत, मी कुणाचं नाव सांगणार नाही, वर्गात सगळ्यांना वेळ सांगणार, ज्यांना यायचं त्या येतील.

काळा_कोट

"तू ठीक असशील तर घरी फोन जात नाही. तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली असेल, किंवा तुझं वय १८ खाली असून असा प्रकार समोर आला, तर कायद्यानं पोलिसांना कळवावं लागतं." असं काहीसं. पोरांना खरं सांगितलेलं चालतं.

आशा_परभणी

मॅडम, दोन पोरी जरी आल्या तरी कळवा.

डस्टर_आणि_खडू

हे सगळं विज्ञान शाखेचं झालं. कला शाखेच्या पोरांना तर जीवशास्त्राचा तक्ताही नाही, आणि लग्न झालेल्या मुली जास्त तिकडंच असतात. त्यांचं काय?

गोदाकाठची

बरोबर पकडलंत. कला शाखेचा गट बुधवारी न्यायचाय. इतिहासाचे सर घेऊन जायला तयार झालेत, पण दाराबाहेरच थांबणार म्हणाले. घामाघूम झाले होते सांगताना.

डॉ_बाभूळ

पाठवा. सरांचंही हिमोग्लोबिन बघून घेऊ.